नव्या वैद्यकशाळेची परीक्षा

आषाढातील संध्याकाळ होती. कासारसाईच्या धरणावरून पावसाची झड येत होती आणि नुकतीच दिवेलागण झाली होती. अशा वेळी माझा एक जुना विद्यार्थी आपल्या कन्येस बरोबर घेऊन ओसरीवर आला. मुलगी ‘नीट’ परीक्षेत चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाली होती. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळेल, इतके तिचे गुण खचित होते. परंतु पुण्याचे बैरामजी जीजीभाई किंवा मुंबईचे ग्रँट यांसारख्या जुन्या व नामांकित संस्थांची आशा धरावी, इतके नव्हते. मागील वर्षाचे गुण ताडून पाहता पदरात पडण्याजोगी दोन स्थाने उरत होती : सातारा आणि अलिबाग. दोन्ही महाविद्यालये शासनाची, दोन्ही २०२१-२२ या वर्षी सुरू झालेली, आणि दोहोंत जागा प्रत्येकी १००. “गुरुजी, पसंतीक्रमात वर कोणते लिहायचे, ते तुम्हीच सांगा,” असे म्हणून त्याने कागदांची चळत माझ्यापुढे ठेवली.

हा प्रश्न ऐकताच माझ्या मनात चर्र झाले. कारण सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी हाच मुलगा, याच ओसरीवर, असाच प्रश्न घेऊन बसला होता. त्यास तेव्हा दूरच्या एका जिल्ह्यातील नव्याने निघालेल्या शासकीय महाविद्यालयात जागा मिळत होती. मी मोठ्या अधिकाराने सांगितले, “कालपरवा उघडलेल्या शाळेत आयुष्याची पाच वर्षे घालू नकोस. एक वर्ष थांब, पुण्यासच मिळेल.” त्याने गुरुवचन प्रमाण मानले. पुढल्या वर्षी गुण कमी पडले, आणि पुण्याची जागाही गेली व दूरचीही गेली. त्याने औषधनिर्माणाची पदविका घेतली. आज हिंजवडीच्या वाटेवर त्याचे औषधांचे दुकान आहे आणि दुसऱ्यांनी लिहून दिलेली औषधे तो मोजून देतो. ज्या महाविद्यालयास मी कालपरवाचे म्हटले, तेथून शिकून निघालेल्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्याही त्याच्या हाती येतात. त्याने मला कधी बोल लावला नाही. म्हणूनच ती गोष्ट माझ्या मनातून जात नाही.

‘नवे’ म्हणजे उणे, ही समजूत आपल्या सुशिक्षित घरांतून फार खोल रुजलेली आहे. परंतु आज ज्यांचे नाव आपण आदराने घेतो, त्या संस्थाही एके काळी नव्याच होत्या. मुंबईत १९२१ साली असहकारितेच्या चळवळीतून राष्ट्रीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले. तेच पुढे टोपीवाला यांच्या नावाने नायर रुग्णालयात प्रसिद्धीस आले. परळ येथे १९२६ साली शेठ गोर्धनदास सुंदरदास महाविद्यालय व त्याबरोबर के. ई. एम. रुग्णालय उभे राहिले. तेथील अध्यापक हिंदी असावेत, अशी देणगीदारांची अट होती, आणि डॉ. जीवराज मेहता यांनी आरंभीच्या काळात त्या संस्थेची धुरा वाहिली. ग्रँट महाविद्यालय १८४५ पासून चालू असता या दोन नवख्या शाळांत आपला मुलगा घालणाऱ्या बापांच्या मनात काय आले असेल, याचा विचार वाचकांनी करावा. पुण्याचे बैरामजी जीजीभाईसुद्धा पदवी देणारे महाविद्यालय झाले ते १९४६ साली.

तथापि नवे ते सारे चांगले, असेही माझे म्हणणे नाही. नव्या शाळेची परीक्षा केलीच पाहिजे. प्रश्न इतकाच की, ती कशावरून करावी. या बाबतीत चरकसंहितेच्या विमानस्थानात फार मार्मिक विवेचन आहे. ज्यास वैद्य व्हावयाचे आहे, त्याने प्रथम शास्त्राची परीक्षा करावी व मग आचार्याची, असे तेथे सांगितले आहे. आचार्य कसा असावा, तर शास्त्र जाणणारा, प्रत्यक्ष कर्म पाहिलेला, हात सिद्ध असलेला आणि आवश्यक साधने बाळगणारा. परीक्षा शिष्याने गुरूची करावयाची, हे लक्षात घेण्यासारखे आहे. आणि त्या यादीत इमारतीचे नाव नाही.

हा क्रम आजच्या काळास लावून पाहू. शास्त्राचा प्रश्न सोपा आहे. सातारा काय नि अलिबाग काय, पाठ्यक्रम राष्ट्रीय वैद्यक आयोगाचा, आणि परीक्षा व पदवी नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची. साडेचार वर्षांचे अध्ययन, एक वर्षाची आंतरवासिता आणि त्यानंतर शासकीय विद्यार्थ्यांस बंधपत्राप्रमाणे एक वर्षाची सेवा, हेही दोहोंकडे सारखेच. मात्र नव्या संस्थेस आरंभी केवळ अनुज्ञा मिळते. पहिली तुकडी अंतिम परीक्षेपर्यंत पोहोचली म्हणजे पूर्ण मान्यतेचा विचार होतो. तेव्हा अनुज्ञेची स्थिती काय आहे, हे ऐकीव गोष्टींवर न सोडता आयोगाच्या प्रसिद्ध यादीत आपल्या डोळ्यांनी पाहावे.

दुसरी परीक्षा रुग्णांची. आयोगाच्या २०२३ च्या नियमांप्रमाणे १०० विद्यार्थ्यांच्या महाविद्यालयास ४२० खाटांचे रुग्णालय लागते, आणि त्यांपैकी शेकडा ८० खाटा भरलेल्या असाव्या लागतात. या नियमामागील कारण उघड आहे. रिकाम्या खाटेपाशी उभे राहून कोणी वैद्य होत नाही. केवळ शास्त्र जाणणारा किंवा केवळ कर्म जाणणारा वैद्य म्हणजे एका पंखाचा पक्षी, अशी सुश्रुताने उपमा दिली आहे, ती येथे आठवते. जिल्हा रुग्णालयाशी जोडलेल्या शासकीय संस्थांस या बाबतीत स्वाभाविक लाभ असतो. त्यांची इमारत अपुरी असली तरी दाराशी रुग्णांची रांग असते.

तिसरी परीक्षा आचार्यांची, आणि नव्या संस्थेत हीच सर्वांत नाजूक. नेमणुकांची यादी एक सांगते. सकाळी नऊ वाजता खाटेपाशी कोण उभे असते, ही गोष्ट निराळी असू शकते. म्हणून मी बापलेकीस सांगितले, “मी उत्तर देत नाही. दोन्ही गावी जा. कचेरीत आधी जाऊ नका. बाह्यरुग्ण विभागात दोन घटका बसा. मग वरच्या वर्गांतील मुलींस तीन गोष्टी विचारा : तुम्हांस रुग्णापाशी कोण शिकवितो? या आठवड्यात तुम्ही स्वतः किती रुग्ण तपासले? रात्री काही अडले, तर कोणास हाक मारता?” वसतिगृहाची सोय आणि तेथून रुग्णालयापर्यंतची रात्रीची वाट, हीही पाहून येण्यास मी सांगितले, कारण मुलीच्या आईची झोप त्यावर अवलंबून असते.

ती दोघे खंबाटकीच्या घाटाने साताऱ्यास जाऊन आली, आणि पुढच्या आठवड्यात खोपोली-पेणवरून अलिबागेस. मुलीने उत्तरे वहीत उतरवून आणली. ती मी येथे देत नाही. एका दिवसाच्या पाहणीवरून संस्थेचे गुणदोष छापणे न्यायाचे नव्हे. शिवाय अशी उत्तरे वर्षागणिक बदलतात, प्रश्न मात्र तेच राहतात.

वडिलांचा ओढा साताऱ्याकडे होता. हवा आपल्याकडची, वाईस नातलग, येण्याजाण्याचा रस्ता नेहमीचा. मुलीने अलिबाग वर लिहिले. कारण विचारता ती म्हणाली, “आजोबा, तिथे वाडीवरची एक म्हातारी केसपेपर हातात धरून उभी होती. कुठल्या खोलीत जायचं, ते तिला वाचता येत नव्हतं. मी तिला घेऊन गेले. मग आणखी दोघी आल्या. मला तिथे नुसतं बसवेना.”

मी तिला महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांची हकीकत सांगितली. त्याच रायगड जिल्ह्यात, बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करीत असता त्यांनी विंचूदंशाच्या रुग्णांचे रात्रंदिवस निरीक्षण केले. तांबड्या विंचवाच्या विषाने हृदयावर होणारा परिणाम ‘लॅन्सेट’सारख्या नियतकालिकातून त्यांनी जगापुढे मांडला, आणि प्राझोसिन या औषधाच्या उपयोगाने असंख्य प्राण वाचले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. हे ज्ञान मोठ्या शहरात नव्हे, तर कोकणातील एका लहानशा आरोग्य केंद्रात, रुग्णांच्या उशाशी मिळाले होते.

वाचकांपैकी ज्यांच्या घरी पुढील वर्षी हा प्रसंग येईल, त्यांस माझी एवढीच विनंती आहे की, पसंतीक्रम भरण्यापूर्वी प्रवासाचे दोन दिवस व थोडा खर्च यांस मागेपुढे पाहू नये. आणि क्रम मुलाने अगर मुलीने स्वतः लिहावा. वडीलधाऱ्यांनी प्रश्न पुरवावेत, उत्तरे पुरवू नयेत.

अर्ज भरून झाल्यावर माझा विद्यार्थी छत्री उचलून निघाला व पायरीवर थांबून म्हणाला, “गुरुजी, बरोबर झालं ना?”

मी म्हटले, “तिने पाहून ठरविले आहे. मी मात्र तुला न पाहताच सांगितले होते. ते माझे चुकले.”

तो क्षणभर गप्प राहिला. मग पावसाकडे पाहत म्हणाला, “गुरुजी, तेव्हा तिथे जाऊन बघायला एस. टी.चे पैसे तरी कुठे होते आमच्याकडे?”

मजजवळ तेव्हा होते. परंतु ते पुढे करावेत, हे मला सुचले नाही.