लग्न एका दिवसाचे, फंड उभ्या जन्माचा

परवा घाटकोपरच्या एका चाळीत आम्ही फंडाचा अर्ज भरून द्यायला गेलो होतो. भाऊ चार वर्षांनी रिटायर होणार. मुलीच्या लग्नासाठी २ लाख काढायचे म्हणाले. ‘‘हॉल, बँड, पाचशे पाने. भावकीत नाव राहिले पाहिजे!’’

आम्ही कागदावर हिशेब मांडला. ८ टक्के व्याज धरले, तर हेच पैसे चार वर्षांत सुमारे २ लाख ७२ हजार होतात. पगार थांबल्यावर औषधपाण्याला तेच कामी येणार.

मुलगी नोकरी करते. ती आतून म्हणाली, ‘‘पप्पा, माझे थोडे साठलेत. विहारातच लग्न करू.’’ भाऊ गप्प झाले.

बाबासाहेबांनी १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीत राहत्या घरी, मोजक्या लोकांसमोर नोंदणी पद्धतीने विवाह केला. त्यांचे नाव कुठे कमी झाले?

अखेर भाऊंनी अर्जावर ५० हजार लिहायला सांगितले. आम्हाला तेवढेही पुष्कळ वाटले. बांधवहो, लेकरांना जरूर द्या. पण उद्या त्यांच्याच दारी हात पसरावा लागणार नाही, एवढे राखून द्या.

जयभीम!