पालिकेच्या वकिलाचा स्वाध्याय

शुक्रवारी दुपारी नगरपालिकेच्या पथकाने अनधिकृत बांधकामासमोर जेसीबी उभा करावा आणि तासाभरात न्यायालयाचा मनाईहुकूम नाचवीत बांधकाममालकाचा माणूस तेथे यावा, हे दृश्य महाराष्ट्रातील लहान-मोठ्या शहरांना नवे नाही. जमलेली मंडळी हसतात, पथक माघारी वळते आणि दुसऱ्या दिवशीच्या स्थानिक वृत्तपत्रात 'पालिकेला चपराक' असा मथळा झळकतो. त्यावर नागरिकाचा निष्कर्ष ठरलेला असतो: कोणीतरी पैसे खाल्ले. तसे होतही असेल. परंतु अनेकदा कारण याहून साधे आणि म्हणूनच अधिक खेदजनक असते. नगरपरिषदांच्या १९६५ च्या कायद्याचे कलम १८९ लावायचे की नगररचना कायद्याचे कलम ५३, याचा निर्णय नोटीस लिहिणाऱ्या कारकुनाने मागच्या नोटिशीवरून केलेला असतो. नोटीस बजावल्याचा पंचनामा अपुरा असतो. आणि ज्या दिवशी नोटीस रवाना झाली त्याच दिवशी न्यायालयात दाखल व्हावयास हवे होते ते कॅव्हेट दाखलच झालेले नसते. किंवा झालेले असते, परंतु दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १४८-अ प्रमाणे त्याचे आयुष्य अवघे ९० दिवसांचे, हे कोणाच्या ध्यानी राहिलेले नसते. समोरचा वकील ९१ व्या दिवसाची वाट पाहतो. तो पालिकेच्या वकिलापेक्षा बुद्धिमान असतो असे नाही. आपले काम त्याला ताजे ठाऊक असते एवढेच.

स्थानिक स्वराज्य संस्थांच्या कारभाराविषयी आपल्याकडे उदंड चर्चा होते. नगरसेवक, आयुक्त, मुख्याधिकारी, ठेकेदार या सर्वांवर लिहिले-बोलले जाते. या संस्थांच्या वतीने न्यायालयात उभा राहणारा वकील मात्र या चर्चेत कोठेच नसतो. वस्तुतः १९९३ मध्ये ७३ वी व ७४ वी घटनादुरुस्ती अमलात आल्यापासून ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंतच्या प्रत्येक संस्थेला घटनात्मक स्थान लाभले आणि त्याबरोबर कायदेशीर जबाबदाऱ्यांचे ओझेही वाढले. मुंबईचा महापालिका कायदा १८८८ चा. इतर महापालिकांचा १९४९ चा, जिल्हा परिषदांचा १९६१ चा, नगररचनेचा १९६६ चा. या जुन्या वाड्यांना दरवर्षी नव्या खोल्या जोडल्या जात आहेत. २०१३ चा भूसंपादन कायदा आला, २०१४ चा पथविक्रेता कायदा आला, घनकचऱ्याचे २००० चे नियम जाऊन २०१६ मध्ये नवे आले, आणि १ जुलै २०२४ पासून साक्षीपुराव्याचा कायदाच बदलला. वीस वर्षांपूर्वी सनद घेतलेल्या वकिलाने महाविद्यालयात यांतले काय शिकले असेल?

एका विषयापाशी जरा थांबले पाहिजे, कारण त्यात प्रत्येक शहराचे मैदान, उद्यान आणि शाळा गुंतलेली आहे. विकास आराखड्यात एखादा भूखंड खेळाच्या मैदानासाठी राखून ठेवला जातो. आराखडा अंतिम झाल्यापासून दहा वर्षांत तो संपादित झाला नाही, तर नगररचना कायद्याच्या कलम १२७ नुसार जमीनमालक पालिकेला खरेदीची सूचना देऊ शकतो. त्या सूचनेनंतर पालिकेला पूर्वी सहा महिन्यांचा अवधी मिळे. पुढे तो बारा आणि नंतर चोवीस महिन्यांचा झाला. या अवधीत जमीन घेतली नाही, वा ती घेण्यासाठी पावले उचलली नाहीत, तर आरक्षण संपते आणि जमीन मालकाकडे मोकळी होते.

'पावले उचलणे' म्हणजे काय? वर्षानुवर्षे पालिकांची समजूत अशी होती की सर्वसाधारण सभेत ठराव करावा, जिल्हाधिकाऱ्यांना एक पत्र धाडावे, की पाऊल पडले. २००७ मध्ये गिरनार ट्रेडर्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने ही समजूत मोडीत काढली. पत्रव्यवहार हे पाऊल नव्हे, भूसंपादनाची कायद्याने सांगितलेली घोषणा प्रसिद्ध होणे हे पाऊल, असा त्या निकालाचा आशय आहे. त्यानंतरही ठराव आणि पत्र एवढ्यावर समाधान मानणाऱ्या पालिका राहिल्याच. खरेदीची सूचना आवक-जावक नोंदवहीत चढते, तेथून नगररचना विभागाच्या टेबलावर जाते, आणि वकिलापर्यंत पोहोचते तेव्हा मुदत संपत आलेली असते. पोहोचली तरी त्याला २००७ चा निकाल ठाऊक हवा, आणि १८९४ चा भूसंपादन कायदा जाऊन २०१३ चा आल्यावर ती घोषणा आता कोणत्या कलमाखाली करावयाची, हेही ठाऊक हवे. संपादनाला पैसे नसतील तर हस्तांतरणीय विकास हक्काचा पर्याय मालकापुढे वेळेत ठेवता येतो, हे सांगणाराही तोच असावयास हवा. यात मालकाला खलनायक ठरविण्याचे कारण नाही. आपल्याच जमिनीवर दहा-वीस वर्षे एक वीटही रचता न आलेले असे मालक पुष्कळदा साध्या शेतकरी वा मध्यमवर्गीय कुटुंबातले असतात. परंतु मैदान हातचे गेल्यावर त्या प्रभागातील मुलांना दुसरे मैदान मिळत नाही, हेही तितकेच खरे.

कायद्यातील बदलाकडे दुर्लक्ष केल्याची किंमत किती मोठी असू शकते, याचे ठळक उदाहरण स्थानिक निवडणुकांतील इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचे. मे २०१० मध्ये के. कृष्णमूर्ती प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितले की शिक्षण व नोकरीतील मागासलेपण आणि राजकीय मागासलेपण ही एकच गोष्ट नव्हे; स्थानिक संस्थांतील आरक्षणासाठी स्वतंत्र तपासणी हवी आणि एकूण आरक्षण पन्नास टक्क्यांच्या आत हवे. महाराष्ट्रात त्यानंतरही जुनाच शिरस्ता चालू राहिला. ४ मार्च २०२१ रोजी विकास गवळी प्रकरणात न्यायालयाने तीच कसोटी महाराष्ट्राला लावली, तेव्हा काही जिल्हा परिषदांत निवडून आलेल्या सदस्यांची पदे गेली. त्यानंतर आरक्षण आणि प्रभागरचनेच्या वादांत निवडणुका रखडत गेल्या. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली होती. तेथे मतदान झाले ते १५ जानेवारी २०२६ रोजी. जवळजवळ चार वर्षे देशातील सर्वांत श्रीमंत महापालिका लोकप्रतिनिधींविना चालली. या विलंबाचा मुख्य दोष स्थानिक संस्थांच्या वकिलांचा नव्हे, तो राज्यपातळीवरचा आहे आणि त्यात एकाहून अधिक सरकारांचा वाटा आहे. तरीही २०१० ते २०२१ या अकरा वर्षांत एकाही जिल्हा परिषदेच्या विधी सल्लागाराने आपल्या संस्थेला लेखी सावध केले असते, तर निदान कोणीतरी जागे होते असे म्हणता आले असते.

अलीकडचा प्रश्न पाडकामाचा आहे. १३ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाडकामाविषयी देशभरासाठी निर्देश दिले. त्या निकालाविषयी मतमतांतरे आहेत आणि ती राहतील. पालिकेच्या वकिलाला मात्र मतापेक्षा मजकूर पाठ असणे आवश्यक आहे. पंधरा दिवसांची कारणे दाखवा नोटीस, ती नोंदणीकृत टपालाने, प्रत्यक्ष सुनावणी, सकारण आदेश, त्यानंतर पुन्हा पंधरा दिवस, पाडकामाचे चित्रीकरण. आणि यांत कसूर झाली तर भरपाई अधिकाऱ्याकडून व्यक्तिशः वसूल होण्याची शक्यता. त्याच निकालात रस्ता, पदपथ, रेल्वेमार्गालगतची जागा, नदी वा जलाशय यांवरील अतिक्रमणांना हे निर्देश लागू नाहीत, असेही स्पष्ट म्हटले आहे. ज्या वकिलाने केवळ मथळा वाचला, तो एका ठिकाणी पालिकेला घाईत गोत्यात आणील आणि दुसऱ्या ठिकाणी नदीपात्रातील भरावालाही हात लावू नका असा सल्ला देईल. दोन्ही सल्ले शहराला महागात पडणारे आहेत.

पुराव्याचेही तेच. अतिक्रमणाची छायाचित्रे आता भ्रमणध्वनीवर काढली जातात, सर्वेक्षण ड्रोनने होते. जालना विधानसभा मतदारसंघाच्या निवडणूक याचिकेतून उद्भवलेल्या खोतकर-गोरंट्याल प्रकरणात जुलै २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी प्रमाणपत्राची अट अनिवार्य असल्याचे सांगितले. नव्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ नुसार त्या प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत आणि त्यातला एक तज्ज्ञाने भरावयाचा आहे. किती नगरपालिकांच्या अतिक्रमण विभागाला हे कळविले गेले असेल?

मुंबईजवळ भाईंदरच्या पलीकडे उत्तन-गोराई मार्गावर दोन प्रशिक्षण संस्था आहेत. महाराष्ट्र न्यायिक अकादमीत राज्यातील न्यायाधीशांचे प्रशिक्षण होते. केशवसृष्टीतील रामभाऊ म्हाळगी प्रबोधिनी १९८२ पासून लोकप्रतिनिधींच्या प्रशिक्षणाचे काम करीत आली आहे. पुण्याच्या यशदात अधिकारी शिकतात. म्हणजे निर्णय घेणारा नगरसेवक शिकतो, तो अमलात आणणारा मुख्याधिकारी शिकतो, त्यावर निवाडा देणारा न्यायाधीशही शिकतो. या तिघांच्या मध्ये उभा असलेला पालिकेचा वकील तेवढा स्वतःच्या हिमतीवर सोडून दिलेला आहे.

इतर व्यवसायांत असे नाही. महाराष्ट्रातील डॉक्टरांना नोंदणीच्या नूतनीकरणासाठी निरंतर शिक्षणाचे गुणांक मिळवावे लागतात, सनदी लेखापालांना ठराविक तासांचे शिक्षण बंधनकारक आहे. वकिलाने मात्र एकदा सनदेची परीक्षा दिली की पुढे त्याने पुस्तक उघडले की नाही, हे विचारणारी व्यवस्था नाही. अमेरिकेत मिनेसोटा आणि आयोवा या राज्यांनी १९७५ मध्येच वकिलांचे निरंतर शिक्षण सक्तीचे केले. मिनेसोटात तीन वर्षांत ४५ तासांची अट आहे. तेथील महापालिका वकिलांची संघटना १९३५ पासून काम करीत आहे, आणि फ्लोरिडा राज्याच्या वकील संघाने तर शहर, कौंटी व स्थानिक शासनाचा कायदा हा प्रमाणपत्र देण्याजोगा स्वतंत्र विशेष विषय मानला आहे. अमेरिकेचे दाखले देण्याची हौस बाळगण्याचे कारण नाही. अध्ययन संपवून निघालेल्या शिष्याला स्वाध्यायात कुचराई करू नकोस असे बजावण्याची रीत आपल्याकडे तैत्तिरीय उपनिषदाइतकी जुनी आहे. फरक इतकाच की त्यांनी त्या बजावणीचे तास मोजले.

अडचण ज्ञानाच्या अभावाची आहे तशीच नेमणुकीचीही आहे. लहान नगरपालिकांत पूर्णवेळ विधी अधिकारी नसतो; पॅनेलवरचा वकील असतो. पॅनेल कसे बनते हे कार्यकर्त्यांना सांगावे लागणार नाही. सत्तापालट झाला की यादी पालटते, जुन्या वकिलाकडील फायली नव्याकडे येईपर्यंत दोन तारखा निघून जातात, आणि मानधन इतके तुटपुंजे असते की चांगला वकील पालिकेचे काम कनिष्ठाकडे सोपवितो. मार्च २०१६ मध्ये ब्रिजेश्वरसिंग चहल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सरकारी वकिलांच्या नेमणुका गुणवत्तेवर आणि पारदर्शक पद्धतीने व्हाव्यात असे सांगितले. नगरपालिकांच्या पॅनेलला तोच नियम लावण्यास हरकत काय? येथे एक कटू गोष्ट सांगणे भाग आहे. सत्ता आपल्या विचारांच्या मंडळींच्या हाती आली म्हणून हा प्रकार थांबला, असे म्हणण्याजोगी उदाहरणे फारशी नाहीत. 'आपला' वकील नेमला की काम झाले अशी समजूत सर्वच पक्षांत आहे, आणि तो 'आपला' वकील अभ्यासू आहे काय हा प्रश्न सर्वच पक्षांत अवघडल्यासारखा विचारला जातो.

बार कौन्सिलने सर्व वकिलांसाठी नियम करीपर्यंत थांबण्याची गरज नाही. पॅनेलवर राहण्यासाठी वर्षाकाठी काही तासांचे प्रशिक्षण पूर्ण करावे, ही अट नगरपालिका आपल्या ठरावानेच घालू शकते. शिकविणारे मिळणार नाहीत असेही नाही. मुंबईची अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्था १९२६ पासून या क्षेत्रात आहे. मोठ्या महापालिकांतून निवृत्त झालेले विधी अधिकारी आहेत, ज्यांचा आयुष्यभराचा अनुभव आज घरी बसून आहे. एका जिल्ह्यातील सर्व नगरपालिकांनी मिळून दोन दिवसांचा वर्ग घेतला, तर येणारा खर्च एका हरलेल्या भूसंपादन दाव्याच्या व्याजाइतकाही होणार नाही.

हे शिक्षण मराठीत व्हावयास हवे. ठराव मराठीत, नोटीस मराठीत, पंचनामा मराठीत, तालुक्याच्या न्यायालयातील साक्ष मराठीत. आणि त्यासंबंधीचे व्याख्यान तेवढे इंग्रजीत, हा उफराटा व्यवहार आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांचे मराठी अनुवाद आता उपलब्ध होऊ लागले आहेत. वर्गात वकिलाशेजारी अतिक्रमण विभागाचा निरीक्षक आणि नोटीस लिहिणारा कारकूनही बसावा, कारण दावा पुष्कळदा न्यायालयात नव्हे, त्या कारकुनाच्या टेबलावर हरलेला असतो.

मुंबई महापालिकेच्या इमारतीसमोर फिरोजशहा मेहता यांचा पुतळा आहे. ते बॅरिस्टर होते, आणि मुंबईच्या नागरी कायद्याच्या घडणीत त्यांचा वाटा मोठा होता. आज वर्षानुवर्षांच्या खंडानंतर नवे नगरसेवक सभागृहांत येऊन बसले आहेत. त्यांच्यापैकी कितीजणांनी पहिल्या काही सभांत विधी विभागाचा विषय काढला? पालिकेविरुद्ध किती दावे चालू आहेत, त्यांतल्या किती प्रकरणांत मनाईहुकूम कायम आहेत आणि ते उठविण्यासाठी शेवटचा अर्ज कधी झाला, कलम १२७ खालील किती सूचना आल्या आहेत आणि प्रत्येकीची मुदत कोणत्या तारखेला संपते, पॅनेलवरील वकिलांनी गेल्या वर्षात कोणते प्रशिक्षण घेतले: ही माहिती लेखी मागण्याचा अधिकार प्रत्येक सदस्याला आहे. जेथे सदस्य विचारीत नाहीत, तेथे शाखेतल्या वा सोसायटीतल्या कोणाही नागरिकाला माहितीच्या अधिकाराचा अर्ज करता येतो. त्याचे शुल्क दहा रुपये आहे.