शब्दांचें कूळ : लघु आणि हलका

‘लघु’ म्हणजे मुळांत वजनानें कमी, चपळ. बाराव्या शतकांतील हेमचंद्रानें आपल्या प्राकृत व्याकरणांत ‘लघुक’ शब्दाचीं ‘लहुअ’ आणि वर्णांची उलटापालट होऊन ‘हलुअ’ अशीं दोन रूपें दिलीं आहेत. आपले ‘हळू’ व ‘हलका’ त्याच वंशांतले. इंग्रजींतील वजनवाचक ‘लाइट’ हाही ‘लघु’चा दूरचा भाऊबंद, प्रकाशवाचक ‘लाइट’ मात्र ‘रुच्’ धातूच्या कुळांतला.

क्षुद्रपणाचा अर्थ ‘लघु’स मागाहून जडला. व्याकरणशास्त्रांत तर ‘लाघव’ हा गुणच मानिला आहे. तेव्हां सुज्ञ वाचकांनीं कापसास खुशाल हलका म्हणावें. परंतु घरांत मुलांदेखत कोणाच्या कुळास वा कामास हलकें म्हणूं नये. मुलें शब्दाबरोबर त्यांतील तुच्छताही उचलतात.