धोकटी पुन्हा दारी यावी

स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धाची काळजी म्हटली की औषधे, तपासण्या आणि रुग्ण घराबाहेर निघून जाण्याची भीती एवढ्याच गोष्टी डोळ्यांपुढे येतात. वाढलेल्या केसांचा आणि दाढीचा विचार सहसा कोणी करीत नाही. परंतु ज्या घरात असा रुग्ण आहे, त्या घराला श्मश्रूचा दिवस किती कठीण असतो ते ठाऊक असते. दुकानातील प्रखर दिवे, समोरासमोर लावलेले आरसे, मोठ्याने वाजणारी गाणी, बाकावर बसलेली अनोळखी माणसे आणि मानेभोवती आवळले जाणारे कापड हे सारे त्या वृद्धाला संकट वाटते. तो खुर्चीतून उठतो, हात झटकतो, कधी ओरडतो. कारागीर अवघडतो, गिऱ्हाइके पाहत राहतात आणि सोबत आलेला मुलगा खालमानेने वडिलांना घरी परत आणतो. पुढच्या वेळी तो त्यांना नेतच नाही. मग पाहुणे आले की आजोबांची खोली बंद ठेवली जाते. ज्या गृहस्थाने आयुष्यभर दाढी केल्याशिवाय उंबरठा ओलांडला नाही, तो आपल्याच घरात नजरेआड होतो.

हा प्रश्न आता मूठभर घरांचा राहिलेला नाही. २०११ च्या जनगणनेनुसार देशात साठ वर्षांवरील सुमारे १० कोटी ३८ लाख लोक होते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका राष्ट्रव्यापी अभ्यासाच्या अंदाजानुसार या वयोगटातील सुमारे ८८ लाख भारतीयांना, म्हणजे शंभरांतील सातांहून अधिकांना, स्मृतिभ्रंश आहे. अलॉइस अल्झायमर या जर्मन डॉक्टरने १९०६ साली या व्याधीच्या सर्वांत मोठ्या प्रकाराचे वर्णन प्रथम मांडले. त्यानंतर शतक उलटून गेले, तरी व्याधी समूळ बरी करणारे औषध हाती आलेले नाही. जोवर ते येत नाही, तोवर रुग्णाचा दिवस सुखाचा आणि सन्मानाचा करणे हाच मोठा उपचार होय. आणि आपल्याकडे हा भार बहुतांशी घरातील पत्नी, सून किंवा लेक वाहते.

श्मश्रूपुरते बोलायचे, तर या अडचणीवरचा उपाय महाराष्ट्राला अपरिचित नाही. नाभिक हा बारा बलुतेदारांपैकी एक. वस्तरा, कातर, फणी, नराणी, आरसा आणि पाण्याची वाटी एवढा संसार धोकटीत घेऊन तो घरोघरी जाई. ओसरीवर बसून आजोबांची, मुलाची आणि नातवाची श्मश्रू एकच हात करी. कोणाच्या डोक्यावर जुनी खोक आहे, कोणाला मान वळवताना त्रास होतो, हे त्याला विचारावे लागत नसे. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यासाठी वेगळी व्यवस्था शोधण्याची वेळच कुटुंबावर येत नसे.

या व्यवस्थेचा केवळ गौरव करून भागणार नाही. त्या धोकटीबरोबर जातीने लादलेला कमीपणा होता, वर्षाकाठी मिळणाऱ्या मापट्या-पायलीवरची अवलंबिता होती, आणि ज्या वस्त्यांपर्यंत नाभिकाचा हात पोहोचूच दिला जात नव्हता, त्या वस्त्यांवरील अन्यायही होता. नाभिक समाजाने ओसरी सोडून स्वतःचे दुकान थाटले, ही त्याच्या स्वाभिमानाची वाटचाल आहे. मात्र जुन्या पद्धतीतील जाच टाकून देताना त्यातील आपुलकीही हातून निसटली. जाच परत न आणता ती आपुलकी परत आणता येईल का, हा विचार आता समाजाने करावयाचा आहे.

स्मृतिभ्रंशात अलीकडचे प्रसंग आणि नावे आधी पुसली जातात. अंगवळणी पडलेल्या क्रिया मात्र दीर्घकाळ टिकतात. मुलाचे नाव न आठवणारे वडील गालाला साबणाचा ब्रश लागताच हनुवटी वर करतात, कारण ती आठवण हाताला आणि मानेला असते. जाणता कारागीर या शिल्लक राहिलेल्या आठवणीचा आधार घेतो. तो मागून येत नाही. समोर येऊन, डोळ्यांच्या पातळीवर बसून, नाव घेऊन नमस्कार करतो. फणी आणि कातर आधी दाखवतो, फणी हातात धरू देतो. ‘मान जरा खाली’ अशी एका वेळी एकच सूचना देतो. विजेच्या मशीनची घरघर कानाशी अचानक सुरू करीत नाही. रुग्णाला आरशातील चेहरा परका वाटत असेल, तर आरसा झाकून ठेवतो. गळ्याभोवतीचे कापड सैल बांधतो. तेही नको असेल, तर खांद्यावर साधा पंचा टाकतो.

काही पथ्ये कुटुंबानेही पाळावयाची असतात. अनेक रुग्णांची अस्वस्थता सायंकाळी वाढते. म्हणून सकाळची, न्याहारीनंतरची वेळ निवडावी. खुर्ची हातांची आणि चाके नसलेली असावी, पाय जमिनीला टेकलेले असावेत. फरशीवर पडलेले केस लगेच झाडावेत. त्यांवरून पाय घसरतो. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर कारागिराला ते आधी सांगावे, कारण लहानशा जखमेतूनही रक्त लवकर थांबत नाही. अशा घरी उघड्या वस्तऱ्यापेक्षा गोल टोकाची कातर आणि संरक्षक पट्टीचे मशीन बरे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे रुग्णाला धरून, दाबून केस कापू नयेत. तो नको म्हणाला, तर थांबावे. अर्धी श्मश्रू आज आणि उरलेली उद्या झाली, तर काही बिघडत नाही. बळजबरीचा प्रसंग तो विसरेल. त्यातून बसलेली धास्ती मात्र मनात राहील आणि पुढच्या वेळी कातर पाहताच ती वर येईल.

आपल्याकडील चालीरीतींचे भानही इथे उपयोगी पडते. शनिवारी किंवा अमावास्येला केस न कापण्याचा नेम ज्यांनी साठ वर्षे पाळला, त्यांचा त्या दिवशीचा नकार हा आजाराचा हट्ट समजू नये. श्मश्रूनंतर स्नान झाल्याशिवाय कशाला शिवायचे नाही, ही सवय तर हाडीमाशी खिळलेली असते. म्हणून पाणी आधीच तापवून ठेवावे. याहून नाजूक बाब म्हणजे, घरात नाभिक येऊन बसला, की जुन्या पिढीतील माणसाच्या मनात दहाव्याचे क्षौर उभे राहू शकते. ‘कोण गेले?’ असा प्रश्न त्याने घाबऱ्याघुबऱ्या केला, तर हसू नये. सर्व जण सुखरूप आहेत, असे शांतपणे सांगून दोन नावे घ्यावीत आणि मग कातर हाती घ्यावी.

घरातील वृद्ध स्त्रियांच्या बाबतीत अधिक संवेदना हवी. विंचरू देत नाही, गुंता होतो, उवा होतात, ही कारणे सांगून आईचे केस एके दिवशी पार बारीक करून टाकले जातात. सोय होते, यात शंका नाही. पण महाराष्ट्रात स्त्रीच्या डोक्यावरील केस उतरवण्यामागे वेदनेचा मोठा इतिहास आहे. १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईत नाभिकांची सभा भरली आणि विधवांचे केशवपन करणार नाही, असा निर्धार त्यांनी केला. पोटावर पाय येईल हे ठाऊक असतानाही वस्तरा खाली ठेवणाऱ्या त्या कारागिरांना स्त्रीच्या संमतीचे मोल कळले होते. आज सुशिक्षित घरांनी ते विसरू नये. केस कापणे आवश्यकच असेल, तर टप्प्याटप्प्याने, छोटा अंबाडा राहील इतपत कापावेत. रोज दोन मिनिटे तेलाचा हात फिरवला, तर गुंताही कमी होतो आणि स्पर्शाची ओळखही टिकते. केसांचा गुंता वाढून जट झाली, तर तिला देवीचा कोप मानून भिऊ नये; ती कातरीने सोडवावी. या कामासाठी विश्वासाची स्त्री कारागीर मिळणे सर्वांत उत्तम, आणि महिला बचत गटांना त्यात उपजीविकेची चांगली वाट सापडू शकते.

मोबाइलवरून बोलावता येणारी घरपोच सेवा शहरांत आता सहज मिळते. धडधाकट माणसाला ती सोयीची आहे. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाला मात्र दर खेपेस नवा चेहरा म्हणजे नवे भय. त्याला हवा असतो तोच माणूस, तीच वेळ, तीच खुर्ची आणि बोलण्याची तीच रीत. हे वस्तीतील ओळखीचा कारागीरच देऊ शकतो. पण त्यासाठी त्याला केसांचा दर देऊन चालणार नाही. वेळेचा आणि कौशल्याचा दर द्यावा लागेल. एका अशा श्मश्रूत त्याची दुकानातील दोन-तीन गिऱ्हाइके बुडतात. त्याची भरपाई करताना घासाघीस करणे, आणि वर ‘सेवा म्हणून करा’ असे सुचवणे, हे सेवा या शब्दालाच कमीपणा आणणारे आहे. सेवा कुटुंबाने आणि समाजाने करावी. कारागिराला त्याचे दाम मिळावे आणि घरात शिरताना खुर्ची व चहाचा कप मिळावा.

यासाठी शासनाच्या योजनेची वाट पाहण्याची गरज नाही. अनेक गावांत आणि शहरांत केशकर्तनालये सोमवारी बंद असतात. महिन्यातील एका सोमवारची सकाळ गृहभेटींसाठी ठरली, तर दुकानाचे नुकसान टळेल. ज्येष्ठ नागरिक संघांनी आणि गृहनिर्माण संस्थांनी अशा घरांची यादी करावी. ज्यांना मोबदला परवडत नाही, त्यांचा भार गणेशोत्सव मंडळांनी उचलावा आणि झोपडवस्तीतील वृद्धही त्या यादीत असतील, हे पाहावे. श्रावण वद्य द्वादशीला संत सेना महाराजांची पुण्यतिथी असते. वस्तरा चालवीत असतानाच विठ्ठलाला स्मरणाऱ्या या संताच्या नावाने त्या दिवशी नाभिक संघटनांनी स्थानिक डॉक्टरांना बोलावून दोन तासांचे प्रशिक्षण घेतले, तर पुढे २१ सप्टेंबरला, जागतिक अल्झायमर दिनी, गावोगावी या सेवेचा प्रारंभ करता येईल.

शिकलेला कारागीर घरी येऊ लागला, की त्याचा लाभ केसांपुरता राहत नाही. डोक्यावरील खोक, कानामागची जखम, उशीला घासून लाल झालेली कातडी त्याच्या नजरेस आधी पडते आणि तो ते घरच्यांना सांगतो. रात्रंदिवस एकटीने झुंजणाऱ्या सुनेला महिन्यातून एकदा बाहेरचे कोणीतरी भेटते, ‘आजोबा आज शांत आहेत’ असे म्हणते. आणि आजोबा स्वच्छ सदरा घालून, गुळगुळीत गालांवर हात फिरवीत, पुन्हा दिवाणखान्यात येऊन बसतात. त्यांना समोरच्यांची नावे आठवणार नाहीत. पण त्यांचे नाव ज्यांना आठवते, त्यांनी त्यांना तेथे बसवण्याची जबाबदारी टाळता कामा नये.