खजुराची बी आणि बाटलीतले रोप

रमजान सुरू झाला की यवतमाळ, पुसद, दारव्ह्याच्या बाजारात खजुराच्या पेट्या उघडतात. इफ्तारनंतर दस्तरखानावर उरलेल्या बिया मात्र कचऱ्यात जातात. त्या परसात रुजतात, पण त्यावर बाग उभी राहत नाही.

कारण पपईसारखे खजुरातही नर आणि मादी झाड वेगळे असते. बीपासून आलेली साधारण निम्मी झाडे नर निघतात आणि ते कळायला फुलोऱ्यापर्यंत काही वर्षे थांबावे लागते. मादी निघाली तरी फळ आईसारखे गोड येईल, याची हमी नसते. म्हणून अरब शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या बुंध्याशी फुटणारी पिले लावत आले. पण एक झाड आयुष्यात मोजकीच पिले देते.

इथे टिश्यू कल्चर कामी येते. उत्तम मादी झाडाच्या पिलाचा कोवळा कोंब निर्जंतुक बाटलीत, साखर, क्षार आणि संप्रेरकांच्या माध्यमात वाढवतात. त्यातून हजारो एकसारखी रोपे मिळतात. टिश्यू कल्चरची केळी लावणाऱ्यांना हे तंत्र नवे नाही. खजुरासाठी जोधपूरला राजस्थान सरकार आणि अतुल कंपनीची संयुक्त प्रयोगशाळा आहे. कच्छमध्ये ‘बरही’ जातीच्या अशा रोपांच्या बागा फळांवर आहेत.

जाती वाचवायलाही हे तंत्र उपयोगी आहे. मोरोक्कोत ‘बायूद’ या बुरशीजन्य रोगाने शंभर वर्षांत सुमारे १ कोटी झाडे मारली. १९२७ साली तिथून मेजूलची ११ पिले अमेरिकेत नेली, त्यातली ९ जगली आणि त्यांच्यापासून तिथली मेजूलची शेती वाढली. मोरोक्कोने पुढे रोगाला तोंड देणारी झाडे प्रयोगशाळेतच वाढवून बागा पुन्हा लावल्या.

मग कापसाने गांजलेल्या यवतमाळच्या शेतकऱ्यानेही खजूर लावावा का? खरी अडचण पावसाची आहे. खजूर भर उन्हाळ्यानंतर तयार होतो. अरबस्तानात तेव्हा आभाळ कोरडे असते, आपल्याकडे मृग लागलेला असतो. ओलाव्याने पिकते फळ तडकते, सडते. बरही पिवळी, करकरीत असतानाच खाता येते, म्हणून तिला थोडी संधी आहे. पण ती ताजीच विकावी लागते, पेटीतला सुका खजूर इथे होणार नाही. शिवाय रोप महाग, परागीकरण हाताने करायचे आणि पहिल्या फळासाठी तीन-चार वर्षांची वाट.

आणखी एक धोका आहे. सगळी झाडे एकाच आईची नक्कल असली, तर एकाला लागलेला रोग सगळ्यांना लागू शकतो. कच्छच्या खारकेला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तिथली बीपासून वाढलेली जुनी, नाना तऱ्हेची झाडे म्हणूनच जपायला हवीत. उद्याची चांगली आई त्यांच्यातच सापडेल.

कर्ज काढून एकरभर रोपे लावण्याआधी विदर्भाच्या पावसात त्यांची काही हंगाम चाचणी व्हायला हवी. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाकडे ती मागणी शेतकऱ्यांनी लावून धरावी. तोवर विक्रेत्याला पहिला प्रश्न विचारावा : फळ कोणत्या महिन्यात तोडायचे?