हार घालता, पण ब्रेक कोण तपासणार?
२०२१मध्ये सांगलीच्या देवराष्ट्रेतल्या भंगारातून बनवलेल्या जीपचं केवढं कौतुक झालं! पण घरी बांधलेल्या गाडीचा ब्रेक तपासायचा कुणी?

ओळखीच्या एका पोराच्या गाडीची पुढची दोन्ही चाकं पेडल सोडल्यावरही अडकायची, गरम झाल्यावर जास्तच. मेकॅनिक म्हणे, कॅलिपर बदल. अरे बाबा, दोन्ही कॅलिपर एकदम जाम होतील का? ब्लीडर सैल करायला लावला, चाक लगेच सुटलं. म्हणजे दाब अडकला होता. पेडलच्या रॉडला केसभरही मोकळीक नव्हती, त्यामुळे ऑइल मास्टर सिलिंडरमध्ये परत जाईना.

ब्रिटनमध्ये अशा एकेका गाडीची सरकारी तपासणी होते, ब्रेकसकट. आपला नियम १२६ कारखानदाराच्या नमुन्यापुरता. परिवहन खात्याने फी घ्यावी, खुशाल नापास करावं, पण या पोरांची गाडी एकदा तपासावी तरी!