तिजोरीची किल्ली कोणाच्या कमरेला?

विलायतेंत आजहि राजा आहे. सन २०२३ च्या मे महिन्याच्या ६ तारखेस लंडन शहरीं तिसऱ्या चार्लस राजास राज्याभिषेक झाला, सोन्याच्या गाडींतून त्याची मिरवणूक निघाली, तोफा झाल्या. परंतु या राजाला आपल्या मर्जीनें एका शेतकऱ्यावर एक पैशाची पट्टी बसवितां येत नाहीं, शांततेच्या काळीं स्वतःच्या हुकमानें फौज बाळगतां येत नाहीं, कीं झालेला कायदा गुंडाळून ठेवतां येत नाहीं. नव्या कायद्यास संमति त्याचीच लागते खरी. पण ती नाकारण्याचें धाडस तेथील राजघराण्यांत शेवटचें सन १७०८ मध्यें ॲन राणीनें केलें. त्यानंतर तीनशें वर्षें उलटून गेलीं, कोणी नाहीं म्हटलेलें नाहीं.

आमच्या वाचकांस हा प्रकार समजण्यास मुळींच अवघड नाहीं. कित्येक घरांत म्हातारा ओट्यावर बसलेला असतो. पाहुणा आला कीं प्रथम त्याच्या पायां पडतो, लग्नपत्रिका त्याच्या नांवानें निघते, पंगतींत पहिलें पान त्याचें. पण पेटीची किल्ली थोरल्या मुलाच्या करगोट्याला बांधलेली असते, आणि म्हाताऱ्यास तंबाखूला पैसा हवा तर तोहि मागून घ्यावा लागतो. इंग्लंडचा राजा हा आज असा ओट्यावरचा म्हातारा आहे. मान त्याचा, किल्ली दुसऱ्याची.

ही किल्ली राजाच्या कमरेची कशी सुटली, हें शाळेच्या पुस्तकांत मोठ्या कौतुकानें लिहिलेलें असतें. ती सुटल्यावर कोणाच्या कमरेला गेली, हें मात्र तेथें दोन ओळींत उरकतात. आम्हांस हा दुसरा प्रश्नच अधिक महत्त्वाचा वाटतो. म्हणून ही सारी हकीकत आज मांडीत आहों.

सन १२१५ मध्यें जॉन राजाला त्याच्याच सरदारांनीं टेम्स नदीकांठीं रनीमीडच्या कुरणांत गांठलें आणि त्याजकडून एक सनद करून घेतली. तिलाच मॅग्ना कार्टा म्हणतात. राज्याच्या मसलतीवांचून राजानें जादा पट्टी घेऊं नये, आणि कायद्यावांचून कोणाहि स्वतंत्र माणसास कैद करूं नये, असें तींत होतें. शब्द मोठे मोलाचे. पण 'स्वतंत्र माणूस' या दोन शब्दांतच खोंच आहे. त्या काळचे फार मोठ्या संख्येचे शेतकरी जमीनदाराच्या जमिनीला बांधलेले, वेठ भरणारे होते. ते स्वतंत्र माणसांत मोडतच नव्हते. सनद झाली ती सरदार आणि राजा यांच्यांत. नांगरधारी बाहेर उभा होता तो बाहेरच राहिला.

तो आपणहून आंत शिरूं पाहूं लागला, तेव्हां काय झालें तेंहि ऐका. सन १३८१ मध्यें डोईपट्टीनें गांजलेले केंट व एसेक्सचे शेतकरी व कारागीर वॉट टायलर याच्या पुढारीपणाखालीं लंडनवर चालून गेले. चौदा वर्षांच्या दुसऱ्या रिचर्ड राजानें त्यांस वेठीपासून मुक्ततेचे कागद लिहून दिले. दुसऱ्याच दिवशीं राजासमोर बोलणें चालू असतां टायलर मारला गेला, लोक पांगले, आणि थोड्याच दिवसांत ते कागद रद्द झाले. सरदारांची सनद टिकली, शेतकऱ्यांची टिकली नाहीं. कारण पहिलीमागें तलवार आणि पैसा होता, दुसरीमागें राजाचा नुसता शब्द होता.

पुढें सतराव्या शतकांत खरा झगडा जुंपला. पहिला चार्लस राजा म्हणे कीं, राजाचा अधिकार देवानें दिलेला; त्यानें माणसास हिशेब कां द्यावा? सन १६२९ पासून अकरा वर्षें त्यानें पार्लमेंट बोलाविलेंच नाहीं. मग पैसा कोठून आणावा? समुद्रकांठच्या गांवांनीं युद्धप्रसंगीं जहाजांसाठीं द्यावयाची जुनी पट्टी त्यानें साऱ्या देशावर बसविली. जॉन हॅम्पडन नांवाच्या गृहस्थाच्या एका जमिनीवर वीस शिलिंग आकार आला. गृहस्थ धनवान होता, वीस शिलिंग त्यास जड नव्हते. तरी तो देईना. कारण आज न विचारतां दिलें तर उद्यां न विचारतां घेतील, हें तो जाणून होता. बारा न्यायाधीशांपुढें खटला चालला. सात राजाच्या बाजूनें झाले, पांच हॅम्पडनच्या. खटला राजानें जिंकला, पण अब्रू गमावली.

सन १६४० मध्यें स्कॉटलंडशीं लढाईचा खर्च अंगावर आला, तेव्हां राजास पार्लमेंटपुढें हात पसरावा लागला. तेथें जुनीं गाऱ्हाणीं आधीं, पैसा मागून, असा जबाब मिळाला. सन १६४२ च्या ४ जानेवारीस राजा हत्यारबंद शिपाई घेऊन पांच सभासदांस धरण्यासाठीं कॉमन्स सभेंत घुसला. ते आधींच निसटले होते. राजानें अध्यक्षास विचारलें, तेव्हां तो गुडघे टेकून म्हणाला कीं, सभा सांगेल तेंच मी पाहतों आणि सभा सांगेल तेंच बोलतों. त्या दिवसापासून इंग्लंडच्या राजाचें पाऊल त्या सभेंत पडलेलें नाहीं. आजहि राजाचा दूत बोलावणें घेऊन येतो, तेव्हां त्याच्या तोंडावर दार लावून घेतात आणि त्यानें काठीनें तीनदां ठोठावल्यावर उघडतात.

त्याच वर्षीं युद्ध पेटलें. राजा हरला, आणि सन १६४९ च्या ३० जानेवारीस त्याचें डोकें उडविण्यांत आलें. पण त्याआधीं दोन वर्षें, १६४७ मध्यें, पटनी येथील देवळांत जिंकणाऱ्या फौजेंतल्या लोकांत जो वाद झाला, तो प्रत्येक शेतकऱ्यानें ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. कर्नल रेन्सबरो म्हणाला, गरिबांतल्या गरिबालाहि श्रीमंताइतकाच जीव आहे. ज्या सरकारखालीं त्यास राहावयाचें, तें निवडण्यांत त्याचें मत हवें. क्रॉमवेलचा जांवई आयरटन म्हणाला, ज्याची देशांत स्थावर मिळकत आहे त्यालाच मत. शेवटीं आयरटनचें चाललें. राजाचें डोकें उडविणारेहि बिनजमिनीच्या माणसाच्या हातीं किल्ली देण्यास भ्याले!

क्रॉमवेलच्या मागें १६६० मध्यें राजघराणें परत आलें. दुसऱ्या जेम्सनें कायदे बाजूस ठेवण्याची जुनी खोड पुन्हां काढली, म्हणून १६८८ मध्यें बड्या पुढाऱ्यांनीं त्याचा जांवई विल्यम यास हॉलंडांतून बोलाविलें. जेम्स पळाला. सन १६८९ च्या हक्कांच्या कायद्यानें ठरलें कीं, पार्लमेंटच्या संमतीवांचून कर नाहीं, फौज नाहीं, कायदा तहकूब करणें नाहीं. नुसतें लिहून ठेवलें असतें तर तेंहि रिचर्डच्या कागदांच्या वाटेनें गेलें असतें. पण तोड निराळी निघाली. फौजेच्या शिस्तीचा कायदा थोड्या मुदतीचा, पुढें दरसाल नवा करावा लागे असा केला, आणि पैसा बेतानें दिला. त्यामुळें राजास दरवर्षीं पार्लमेंट बोलावणें भागच पडलें. सन १७०१ च्या कायद्यानें न्यायाधीशांस मर्जीप्रमाणें काढण्याची राजाची सोय गेली. मग ज्या मंत्र्याचें पार्लमेंटांत चालेल तोच कारभार हांकूं लागला. चाबूक न मारतां, फक्त वैरण मोजून घालून, त्यांनीं बैल वळणीस आणला!

येथवरची गोष्ट ऐकून कोणीहि टाळ्या वाजवील. पण किल्ली घेतली कोणीं? कॉमन्स सभेंत बसण्यास १७११ पासून जमिनीच्या ठराविक उत्पन्नाची अट होती. ओल्ड सॅरम ही वस्ती उठून गेलेली टेकडी दोन सभासद पाठवी, आणि मँचेस्टरसारख्या कोष्ट्यांच्या व गिरण्यांच्या शहरास १८३२ पर्यंत स्वतःचा एकहि सभासद नव्हता. अशा सभेनें काय केलें? गांवाचीं गायरानें व मोकळीं रानें कुंपण घालून बड्यांच्या नांवें करणारे हजारों कायदे केले. सन १६०४ ते १९१४ या काळांत असे पांच हजारांवर कायदे झाले, व इंग्लंडची सुमारें पांचवा हिस्सा जमीन त्यांखालीं आली. ज्याची एक गाय व चार मेंढ्या त्या गायरानावर चरत, तो मजूर होऊन गिरणीची वाट धरूं लागला. हें कोणा जुलमी राजानें केलें नाहीं. कायदेशीर पार्लमेंटानें कायदेशीर रीतीनें केलें. सन १८३४ मध्यें डॉरसेट परगण्यांतील टोलपडलच्या सहा शेतमजुरांनीं मजुरी टिकविण्यासाठीं शपथ घेऊन संघ काढला, तर त्यांस सात वर्षें ऑस्ट्रेलियाचें काळें पाणी झालें. लोकांनीं देशभर ओरड केली, तेव्हां दोन वर्षांनीं माफी मिळाली.

बाकीचा हक्क असाच ओरड करून, संघ करून, हप्त्याहप्त्यानें मिळाला. सन १८३८ मध्यें मजुरांनीं आपली सहा मागण्यांची सनद काढली. १८४२ च्या अर्जावर तेहतीस लाखांच्या वर सह्या असल्याचें सांगण्यांत आलें. सभेनें तो अर्ज झिडकारला. तरी १८६७ त शहरच्या कामगारांस, १८८४ त खेड्यांतील घरकुटुंबवाल्या मजुरांस मत मिळालें. १८७२ त मत गुप्त झालें, म्हणून जमीनदाराची भीति सुटली. १८८५ त जोसेफ आर्च हा शेतमजूर निवडून आला. १९११ त सभासदांस पगार मिळूं लागला, आणि पैशाच्या कायद्यांस अडविण्याचा सरदारसभेचा हक्क गेला. १९१८ त सर्व पुरुषांस व कांहीं स्त्रियांस, आणि १९२८ त पुरुषांच्या बरोबरीनें सर्व स्त्रियांस मत आलें. रनीमीडपासून मोजलीं तर ७१३ वर्षें!

याच पार्लमेंटाकडे १८५८ मध्यें आमच्या देशाचा कारभार गेला. मतावांचून कर नाहीं म्हणणाऱ्यांनीं येथल्या कुणब्याचा सारा तीस तीस वर्षांसाठीं ठरविला, पण कुणब्यास कधीं विचारलें नाहीं. १९१९ च्या सुधारणेंतहि खेड्यांत ठराविक साऱ्याची जमीन असेल त्यालाच बहुधा मत होतें. आयरटनचेंच म्हणणें येथें बोटींतून आलें होतें. १९५० च्या राज्यघटनेनें तें मोडलें. नांगर्‍या, कुंभार, चांभार, मोलकरीण, सर्वांस एकदम एकेक मत मिळालें, आणि १९५१-५२ च्या निवडणुकींत तें पेटींत पडलें.

तेव्हां किल्ली आज तुमच्याहि कमरेला आहे. पण पांच वर्षांतून एकदां ती चाचपून पाहणारा घराचा कर्ता होत नाहीं. इंग्लंडच्या राजास वांकविलें तें वर्षाच्या वर्षाला मागितलेल्या हिशेबानें. गांवच्या पाणीपट्टीचें काय झालें, ग्रामपंचायतीचें अंदाजपत्रक कोणीं केलें, सोसायटीचें कर्ज कोणाच्या नांवें उचललें, गायरानाच्या उताऱ्यावर आज कोणाचें नांव आहे, हें ग्रामसभेंत उभें राहून विचारा. रक्कम लहान आहे म्हणून गप्प बसूं नका; हॅम्पडनची रक्कमहि वीस शिलिंगच होती. आणि एकट्यानें विचारूं नका, दहा जणांनीं मिळून विचारा, म्हणजे उत्तर देणाऱ्यास उठून जातां येणार नाहीं.